मणक्याचं ऑपरेशन : तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे

साशंक : मणक्याच्या ऑपरेशनची तयारी कशी करावी, हा प्रश्न मला एक पायरी सोडून विचारलेला वाटतो. आधी ऑपरेशन लागणार आहे का, हे ठरायला हवं, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा एमआरआयचा कागद ठरवतो. नाशिकमध्ये एमआरआय आता सहज होतो. कंबर धरली, पायात कळ गेली, की आठवड्याभरात फिल्म हातात येते, आणि 'गादी सरकली, नस दबली' एवढं ऐकलं की घरच्यांना तो निकालच वाटतो. पण ज्यांना पाठीचं काहीच दुखणं नाही अशा माणसांच्या मणक्यांचीही छायाचित्रं काढून पाहिलेली आहेत. अशा तेहतीस अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के होतं, ऐंशीत ८४. यांच्यापैकी कुणालाही काही दुखत नव्हतं. म्हणजे फिल्मवरची बरीचशी झीज वयाची खूण असते, आजाराची नव्हे. शिवाय सायटिकाची कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत उतरते, बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं. मग पहिल्या महिन्यातच तारीख घेऊन तिची तयारी करत बसण्यापेक्षा थांबण्याची तयारी का करू नये?

आग्रही : फिल्म पाहून ऑपरेशन करू नये, हे कोणताही जबाबदार सर्जन मान्य करील. गादीचं ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं, नुसत्या कंबरदुखीसाठी फार क्वचित. पण थांबा हा सल्ला सगळ्यांना एकसारखा देता येत नाही. लघवी तुंबली, शौचाची जाणीव गेली, बसण्याची जागा बधिर झाली, तर तिथे आठवड्यांचा हिशोब नसतो, तासांचा असतो. ४८ तासांच्या आत नसांवरचा दाब काढला तर मूत्राशयाचं काम परत येण्याची शक्यता बरीच जास्त असते. सुरगाण्याच्या पाड्यावर ही लक्षणं कुणी ओळखलीच नाहीत तर ते तास वाटेतच संपतात. पायाची ताकद रोज थोडी कमी होत असेल, पाऊल लोंबू लागलं असेल, चप्पल पायातून निसटत असेल, तर तिथेही वाट पाहणं महागात पडतं. आपल्याकडे मणक्याचा क्षयही आहे. त्यात मात्र तुमचं म्हणणं पुष्कळ अंशी खरं ठरतं, आणि हा धडा भारतातूनच जगाला मिळाला. डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली जो मधला मार्ग मांडला, त्यात बहुतेक रुग्णांना औषधांवर ठेवायचं आणि नसांवरचा दाब औषधांनी हटत नसेल, तर शस्त्रक्रिया करायची, असं सूत्र होतं. पण त्या सूत्राला मार्गच म्हणावं लागतं, कारण वळण कुठे घ्यायचं ते त्यात ठरलेलं आहे. आपल्याकडे घाईने केलेलं ऑपरेशन जितकं घातक, तितकाच भीतीने केलेला उशीरही घातक. 'मणक्याचं ऑपरेशन म्हणजे कायमचं अंथरूण' ही समजूत गावोगाव आहे, आणि तिच्यापोटी माणूस महिनोन्‌महिने चोळून घेतो, पट्टा बांधतो, इंजेक्शनांवर दिवस काढतो.

साशंक : तातडीच्या रुग्णांबद्दल माझा वाद नाही. वाद त्या मोठ्या गटाबद्दल आहे ज्यांना लघवीचा त्रास नाही, पाऊल लोंबत नाही, पण कळ असह्य आहे. हॉलंडमध्ये २००७ साली नेमक्या अशाच २८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. सगळ्यांना सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका होता. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन ठरवलं, निम्म्यांना थांबवलं. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं, ही बाब मी लपवत नाही. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालेले होते. अमेरिकेतल्या २००६ सालच्या मोठ्या चाचणीने तर प्रश्न आणखी अवघड केला, कारण रुग्णांनी नेमून दिलेला गटच पाळला नाही. ऑपरेशन नेमलेल्यांपैकी कित्येकांनी ते केलं नाही आणि न नेमलेल्यांपैकी कित्येकांनी करून घेतलं. त्यातून मी एवढंच घेतो की माणसाची कळ कमी होऊ लागली की तो सुरीपासून दूर जातो आणि वाढली की जवळ येतो. हा निर्णय दुखणं घेतं. मग वर्षाअखेर सगळे एकाच ठिकाणी पोहोचत असतील, तर पाठ उघडायची कशासाठी?

आग्रही : वेळेसाठी. त्याच डच चाचणीत लवकर ऑपरेशन झालेल्यांना बरं वाटायला साधारण चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा. तुम्ही वर्षाची अखेर पाहता, मी ते मधले आठ आठवडे पाहतो. लासलगावच्या खळ्यांवर कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्या हमालाला, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या छाटणीला आलेल्या मजुराला, किंवा त्याच छाटणीनंतर रोज ट्रॅक्टरवर बसून फवारणी करणाऱ्या बागायतदाराला वर्षाअखेरीचा आकडा उपयोगाचा नाही. छाटणीचे आठवडे गेले की मजुराची वर्षाची कमाई गेली. ऑपरेशनने अंतिम निकाल बदलत नाही असं मानलं, तरी दोन महिन्यांची कळ आणि दोन महिन्यांची मजुरी वाचते. ही गोष्ट क्षुल्लक वाटणाऱ्याला महिन्याचा पगार घरबसल्या मिळत असावा.

पण हे आठ आठवडे वाचवायचे असतील तर तारखेच्या आधीचे आठवडे वाया घालवून चालत नाहीत, आणि तयारीवर माझा भर आहे तो यासाठी. पहिली गोष्ट तंबाखूची. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम सावकाश भरते, आणि स्क्रू-रॉड घालून दोन मणके जोडायचे असतील तर हाड जुळून येण्यातच अडथळा येतो. म्हणून निदान चार आठवडे आधी तंबाखू बंद करायला सांगतात. पण दवाखान्यात प्रश्न विचारला जातो तो 'विडी-सिगारेट ओढता का?' असा, आणि बाई खरेपणाने 'नाही' म्हणते. ती दिवसातून तीन वेळा मिशरी लावते, हे कुणी विचारलेलंच नसतं. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू आणि हिरडीतून रक्तात जातं ते निकोटिनच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली, तरी खिशातली पुडी गेलेली नाही. तिचीही चौकशी नावानिशी करावी लागते. मग साखर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी साडेसात-आठच्या वर गेली की पुष्कळ सर्जन ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकलतात, कारण जखमेत जंतू शिरण्याचा धोका वाढतो. बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं इतकं सर्रास आहे की त्याला कुणी आजारच म्हणत नाही, पण रक्तस्राव होणारच आहे तिथे ते आधी भरून काढायला हवं. हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, हे रुग्णाने मनाने ठरवायचं नाही आणि सर्जननेही एकट्याने नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देता उपाशी ठेवण्याची आपली पद्धतही आता मागे पडली आहे. भूलतज्ज्ञांची हरकत नसेल तर दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. आणि घर. आपल्या घरातलं जगणं जमिनीवरचं आहे. जेवण पाटावर, शौचालय उकिडवं बसण्याचं, चूल खाली, पाणी कमरेवर. कमोडची खुर्ची, गुडघ्याएवढ्या उंचीची खाट, हाताला येईल असा कठडा, एवढं आधी लावून ठेवायला हवं. कुशीवर वळून, हाताच्या आधाराने, पाठ न पिळता खाटेवरून कसं उठायचं, हे ऑपरेशनच्या आधीच दहा वेळा करून पाहावं. टाक्यांच्या दुखण्यात नवं काही शिकता येत नाही.

साशंक : तुमच्या यादीतल्या एकेका गोष्टीला माझा विरोध नाही. यादीच्या परिणामावर मात्र शंका आहे. तयारीचा पुरावा तुम्ही मानता तितका भक्कम नाही. स्वीडनमध्ये १९७ रुग्णांवर चाचणी झाली, ऑपरेशनची वाट पाहताना निम्म्यांना नऊ आठवडे फिजिओथेरपी दिली. ऑपरेशनच्या आधी या लोकांचं दुखणं, चालणं, मनाची धास्ती, सगळं सुधारलं. पण ऑपरेशननंतर वर्षभराने पाहिलं तर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता, पहिला गट थोडा अधिक हिंडता-फिरता राहिला, एवढंच. यातून माझ्या पहिल्या प्रश्नालाच बळ मिळतं. तयारीने आधीच बरं वाटत असेल, तर ती ऑपरेशनची तयारी होती की उपचारच होता?

आणि दुसरी शंका मला अधिक सलते. तयारी हा शब्द एकदा आला की जबाबदारी हळूच रुग्णाच्या पदरात पडते. ऑपरेशन फसलं, कळ परत आली, की 'तुम्ही व्यायाम केला नाही, वजन उतरवलं नाही, मिशरी सोडली नाही' असं म्हणायला मोकळीक मिळते. गादी काढल्यावर शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची गादी पुन्हा सरकते. त्यात नीट वागलेलेही असतात. पेठ-सुरगाण्यातल्या बाईला तुम्ही सहा आठवडे वजन उचलू नका, लोह घ्या, चालायला जा म्हणता. ती रोज डोक्यावर हंडे घेऊन चालतेच. तिच्या चालण्याला तुमच्या कागदावर व्यायाम म्हणत नाहीत आणि तिचे हंडे उचलायला त्या कागदावर दुसरं कुणी लिहिलेलं नाही.

आग्रही : हा आक्षेप मला मान्य करावा लागतो, आणि तो मान्य केल्यावर तयारीची माझी व्याख्याच बदलते. तयारी एकट्या रुग्णाची नसते, घराची असते. ती यादी रुग्णाच्या हातात न देता नवऱ्याला, मुलाला, सुनेला समोर बसवून वाचली पाहिजे, आणि प्रत्येक ओळीपुढे कोण, हे विचारलं पाहिजे. स्वीडनच्या चाचणीबद्दल मात्र तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी घाबरत नाही. तयारीच्या आठवड्यांत कळ उतरली आणि ऑपरेशन टळलं, तर ती तयारी वाया गेली असं मी कशाला म्हणू? सहा आठवड्यांची नीट तयारी हीच ऑपरेशन खरोखर लागणार का याची सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे. तुमचं थांबणं आणि माझी तयारी, निदान या गटापुरती, एकच गोष्ट होते. फरक इतकाच की नुसतं थांबलेला माणूस ऑपरेशन लागलंच तर जसा होता तसाच टेबलावर जातो.

ऑपरेशननंतरच्या काळाबद्दलही आपल्याकडे घराचंच मन वळवावं लागतं. पूर्वी पाठ दुखली की पडून राहा हाच उपचार होता. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सात दिवस पडून राहायला सांगितलेल्यांपेक्षा दोनच दिवस सांगितलेले लोक लवकर कामावर गेले आणि त्यांचं काहीही बिघडलं नाही. ते पाठदुखीबद्दल होतं. पण गादीच्या ऑपरेशननंतरही आता बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. पहिल्यांदाच गादीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कडक बंधनं घालून ठेवण्याची गरज आहे, याला पुराव्याचा आधार मिळालेला नाही. चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने दुखणं आणि अडलेपण लवकर कमी होतं, हे अनेक चाचण्यांच्या आढाव्यात दिसलं आहे. पण घरी काय होतं? घरी त्याला तीन महिने पलंगावर ठेवतात, पाणी हातात देतात, पट्टा झोपेतही काढू देत नाहीत. ते सगळं प्रेमापोटी होतं, आणि त्यात पाठीचे स्नायू रोडावतात. कळ ऑपरेशनने जाते आणि भीती मुक्काम करते. क्रिकेटपटू श्रेयस अय्यरच्या पाठीवर एप्रिल २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने शतक ठोकलं. ज्या समाजाला मणक्याचं ऑपरेशन म्हणजे आयुष्याचा शेवट वाटतो, त्याने हे उदाहरण लक्षात ठेवावं.

साशंक : ठेवावं, पण अर्धं नव्हे. त्याच्या मागे फिजिओ होते, राष्ट्रीय अकादमी होती, आणि तो खेळत नसतानाही त्याच्या घरी चूल पेटत होती. शिवाय पुढच्या वर्षी त्याच्या पाठीने पुन्हा तक्रार केलीच. आणि तुम्ही गादीबद्दल बोलताना मणके जोडण्याच्या ऑपरेशनला हळूच वळसा घातलात. तिथे हाड जुळायला महिने लागतात, कधी वर्षही, आणि लवकर उठा-फिरा हा सल्ला तितक्या सैलपणे देता येत नाही. शिवाय ते जोडणं कितपत लागतं, हाच प्रश्न आहे. अरुंद झालेल्या मणक्याच्या नळीत नुसता दाब काढला काय आणि त्याबरोबर मणके जोडले काय, स्वीडनमधल्या २०१६ च्या चाचणीत दोन आणि पाच वर्षांनंतर फरक दिसला नाही. नॉर्वेच्या २०२१ च्या चाचणीत मणका पुढे घसरलेला असतानाही नुसता दाब काढणं कमी पडलं नाही.

आग्रही : तिथे मी तुमच्या बाजूला येतो. मणके जोडायला सांगितलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, आणि ते दुसरं मत मागण्याला अविश्वास समजू नये. पण स्वीडनच्या चाचणीच्याच वर्षी, २०१६ साली, आलेल्या अमेरिकी चाचणीत मणका घसरलेल्यांना जोडण्याने थोडा जास्त फायदा दिसला होता, हेही तुम्ही सांगायला हवं होतं.

साशंक : सांगायला हवं होतं, खरं. तरीही माझा मुद्दा जोडण्यावर थांबत नाही, तो परत जाण्यावर आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यातला कामगार राज्य कामगार विमा योजनेत असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम त्याला मिळते. म्हणजे तीन महिने तो तुमची यादी पाळू शकतो. द्राक्षबागेतल्या मजुराला त्यातलं काहीच नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे, आणि ही मोठी गोष्ट आहे. पण ती रुग्णालयाचं बिल भरते, बुडालेली मजुरी नाही. म्हणून एकाच सर्जनच्या हातचं, एकाच तऱ्हेचं ऑपरेशन झालेली दोन माणसं, एक तिसऱ्या महिन्यात कामावर जातो आणि दुसरा तिसऱ्या आठवड्यात. दोघांची जखम सारखीच भरलेली असते, त्यांच्या कामाला लागू असलेले कायदे मात्र सारखे नसतात. आणि दुसरा परत जातो तो कुठे? हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली धडधाकट पुरुषाला ५५ किलो सुचवली. पाठ उघडलेल्या माणसाची मर्यादा कुणीच सुचवलेली नाही. माथाडी कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे, त्याने हमालाला मंडळ दिलं, मजुरीची हमी दिली. गोणी मात्र पन्नास किलोच्या आसपासचीच राहिली. डच चाचणीतले ते आठ आठवडे मोजले गेले तो देश आजारपणात मजुरी चालू ठेवणारा होता. तिथे वाचलेला वेळ माणूस बरं होण्यात घालवतो. इथे तो गोणीखाली घालवतो. तेव्हा तुमचे वाचलेले आठ आठवडे वाचतात का, हे लासलगावात मोजल्याशिवाय मी मान्य करणार नाही.

आग्रही : मग तुम्ही काय करणार? ज्याला विश्रांती परवडत नाही त्याला ऑपरेशनही नाकारणार? हा तर दुहेरी अन्याय झाला. कळ घेऊन गोणी उचलण्यापेक्षा कळ नसताना गोणी उचलणं वाईट, असं तुम्ही त्याच्या तोंडावर म्हणू शकाल का? बिलाशेजारी मजुरीसाठीही तरतूद व्हावी, बाजार समितीने ऑपरेशन झालेल्या हमालाला सहा महिने काट्यावर किंवा हिशोबाच्या कामावर घ्यावं, गोणी तीस किलोची व्हावी, हे सगळं मी मागेन आणि तुमच्याबरोबर मागेन. पण ते होईपर्यंत रुग्ण दारात उभा आहे.

साशंक : नाकारणार नाही. पण तारीख देण्याआधी मी त्याला पायाची ताकद विचारतो तसं त्याचं काम, त्याच्या घरचे हात आणि किती आठवडे मजुरीविना निघतील हेही विचारीन, आणि ते रक्ताच्या रिपोर्टइतक्याच ठळकपणे केसपेपरवर लिहीन. अडचण त्यानंतर सुरू होते. समजा त्याने सांगितलं की एकही आठवडा निघणार नाही. पायाची ताकद जात असेल तर मी तरीही ऑपरेशन करीन, कारण गेलेली नस परत येत नाही. ताकद शाबूत असेल आणि फक्त कळ असेल, तर तुमच्या नियमाने त्याचं ऑपरेशन लवकर करायला हवं, कारण वेळेची गरज त्यालाच सर्वांत जास्त आहे. माझ्या नियमाने ते सर्वांत शेवटी करायला हवं, कारण ऑपरेशननंतरचे आठवडे सर्वांत कमी त्याच्याचकडे आहेत. दोन्ही नियम एकाच पुराव्यातून निघाले आहेत.

आग्रही : आणि माझ्या नियमाने चूक झाली तर तो पुन्हा टेबलावर येईल, तुमच्या नियमाने चूक झाली तर तो कळ सोसत बागेत राहील आणि आपल्याला कळणारही नाही. मी माझी चूक पत्करतो, कारण ती निदान दिसते.

साशंक : दिसते ती तुम्हाला. दुसऱ्यांदा उघडलेल्या पाठीत नसांभोवती व्रण धरलेला असतो आणि दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं निर्धोक नसतं, तेव्हा ती चूक किती महाग पडली हे त्याला आधी समजावून सांगितलं होतं का, यावर मी अडून राहीन. सांगून त्याने हो म्हटलं, तर मी तुमच्या बाजूने सही करीन. फक्त त्याचा होकार दुखण्याच्या कोणत्या दिवशी घेतला, तेही त्या कागदावर असू द्या.